हत्तिणीचे पंखे

"मग हे विमान पडलं कुठे?"

हुद्दार बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"पडलं? अहो बाई, पडलं नाही. उडतंय ते!"

"पंखे बंद दिसतायत."

...

निहार दाभाडेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबणारच हो. त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मोठा छापून, काचेच्या फ्रेममध्ये घालून पोरगं टेकडी चढून आलं होतं, आणि म्हातारी विचारते काय, तर पडलं कुठे.

"बंद नाहीत. फिरतायत. शटर दोन हजारला होतं, म्हणून थांबल्यासारखे दिसतायत."

"तेच म्हणते मी. तू थांबवलेस."

मी शेजारच्या दगडावर बसून चहा ओतत होतो. हसू आलं, पण आवरलं.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि एकदाच सांगतो. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा दोन हजारावा भाग उघडला की समोरचं सगळं गोठतं. विमान एकदम धारदार येतं, पण पंख्याची पातीही मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट येतात. पडदा सेकंदाचा साठावा भाग उघडा ठेवला, तर पाती फिरतात आणि फोटोत पंख्याच्या जागी गोल चकती उमटते. पण तेवढ्यात विमानही पुढे सरकतं. म्हणून आपण कमरेतून वळत कॅमेरा विमानाबरोबर न्यायचा, त्याच्याच वेगाने. केसभर मागेपुढे झालं की फोटो फिसकटला. शंभरातले नव्याण्णव फिसकटतात.

जेटला ही भानगड नाही. त्याचा पंखा पोटात असतो, कुणाला दिसत नाही. निहारने नाव कमावलं ते जेटांवरच. लढाऊ विमान आडवं होऊन वळतंय आणि पंखांच्या टोकांवरून पांढऱ्या वाफेच्या रेघा निघतायत, असा त्याचा एक फोटो आहे. तो पाहून मलाही टाळी वाजवावीशी वाटली होती. खोटं कशाला बोलू?

पण बाईंना दाखवायला त्याने आणला हत्तिणीचा फोटो.

हत्तीण म्हणजे आमच्या हवाई दलाच्या तळावरचं जुनं मालवाहू विमान. दोन पंखे, फुगीर पोट, आणि आवाज असा की टेकडीवरच्या शेळ्या चरायच्या थांबतात. आमच्याकडे एकाच धावपट्टीवर दोन संसार चालतात. प्रवासी विमानंही तिथेच उतरतात, हवाई दलाचीही तिथेच. धावपट्टीच्या पश्चिमेला ही टेकडी. उतरणारं विमान टेकडीला खेटूनच जातं, म्हणून आम्ही दहाबारा वेडे कॅमेरे घेऊन इथे पडीक असतो.

टेकडीचे नियम बाईंचे. कुंपणाच्या आतलं काही टिपायचं नाही, आभाळात असेल तेवढंच आपलं. एकदा एका पाहुण्याने हँगरकडे लेन्स वळवली, तर बाईंनी त्याच्या लेन्ससमोर छत्री उघडून धरली. तो गेला तो परत आला नाही.

दुसरा नियम कातळाचा. टेकडीच्या माथ्यावर एक सपाट कातळ आहे. तिथून विमान डोळ्यांच्या पातळीवर दिसतं, मोकळं. खाली कुठेही उभे राहा, मोबाईलचा टॉवर मध्ये येतो आणि ऐन वेळी विमानाचे दोन तुकडे करतो. कातळावर एकच माणूस मावतो, कारण कोपर बाहेर काढून पूर्ण वळायला जागा लागते. तिथे बाई उभ्या राहतात. बाई म्हणतील तर दुसरं कुणी.

बाई महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या. मला सातवीला होत्या. आता मी बावन्न वर्षांचा आहे, टायरचं दुकान चालवतो, आणि अजून त्यांनी "रणपिसे" म्हटलं की उभा राहतो. टेकडीवर नवीन आलेला कुणी त्यांना गुरू म्हणाला की त्या विचारतात, "का रे, अपूर्णांक येत नाहीत का तुला?"

तर निहारने फ्रेम परत घेतली. काच बाहीने पुसली.

"तुमच्याकडे आहे का असा? चकत्या पूर्ण आणि नाकावरची अक्षरं वाचता येतील असा?"

"दुसऱ्या विमानांचे पुष्कळ आहेत."

"हत्तिणीचा?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही. एकतीस वर्षं काढतेय."

...

"एकतीस वर्षांत एक फोटो नाही," निहार म्हणाला, "आणि माझ्या बक्षिसाच्या फोटोला नावं ठेवता?"

मी पेला खाली ठेवला. उचलली जीभ लावली टाळ्याला! बाई मात्र हसल्या. दात न लावता आल्या होत्या, त्यामुळे ते हसणं आणखीच वांड दिसत होतं.

"बरोबर आहे तुझं. आता काय हवंय ते बोल. फोटो दाखवायला काही तू एवढा चढून आला नाहीस."

तो बोलला. एका दमात बोलला.

पुढच्या रविवारी सकाळी हत्तीण शेवटचं उडणार होती. पेपरात आलं होतं. त्यानंतर ती कायमची बंद. एका दिनदर्शिकेवाल्यांनी निहारला कबूल केलं होतं, त्या शेवटच्या फेरीचा फोटो आणलास तर मुखपृष्ठ तुझं आणि वर्षभराचं कामही तुझं. त्याने जूनमध्ये बँकेतली नोकरी सोडली होती. वडील तेव्हापासून बोलत नव्हते. बँकेतला साहेब भला माणूस, त्याने जागा अजून भरली नव्हती. पण सोमवारपर्यंतच. फोटो मिळाला नाही तर सोमवारी निहार पुन्हा काउंटरवर.

"मला कातळ हवाय," तो म्हणाला. "त्या एका सकाळपुरता."

"घे."

मी बघतच राहिलो.

"घे," बाई म्हणाल्या, "पण साठाला काढायचा."

"साठाला? आणि फिसकटला तर?"

"तर फिसकटला."

"बाई, ती परत उडणार नाहीये!"

"म्हणून तर. पाती चार आहेत. साठाव्या भागात पाव फेरा होतो. चार पाव मिळून चकती पुरी होते. गणित सोपं आहे. उरलेलं तुझ्या कमरेत."

"दोन हजारला मला हमखास मिळेल. डोळे मिटून मिळेल!"

"मग डोळे मिटून खालून काढ. टॉवरच्या मागून. माझी काही ना नाही."

तो फ्रेम काखेत मारून तरातरा उतरून गेला. उतरता उतरता म्हणाला, "रविवारी सहाला येतो."

तो गेल्यावर माझं डोकं फिरलं. मी बाईंना कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी बोललो.

"हे बरं नाही बाई. पोराच्या पोटावर पाय देताय तुम्ही. आणि तुमचं काय? शेवटची फेरी, आणि तुम्ही खाली उभ्या राहणार?"

"कातळावर एकच मावतो."

"मग तुम्ही राहा की! मधूकाकांना काय सांगणार?"

...

हे मी बोलायला नको होतं. मधू म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. हत्तिणीच्या इंजिनांवर मेकॅनिक होता. बाईंनी पहिला कॅमेरा घेतला तेव्हा त्याने एकच मागणं मागितलं होतं. "ताई, तिचे पंखे फिरताना काढ. बंद पंखे मी रोज बघतो." मधूकाकांना जाऊन नऊ वर्षं झाली. बाईंच्या घरी त्यांच्या फोटोशेजारी एक खिळा मारलेला आहे. त्यावर काही टांगलेलं नाही.

"मधूला काय सांगायचं ते मी बघीन," बाई म्हणाल्या. "चहा दे."

दिला. दोन वर्षांपासून बाईंना कंपवात आहे. पेला ओठांपर्यंत जाईतो निम्मा चहा मातीत जातो. आपण बघायचं नाही, असं आम्ही टेकडीवाल्यांनी न बोलता ठरवलंय. मी धावपट्टीकडे बघत बसलो. एक प्रवासी विमान दिवे लावून उतरत होतं.

रविवारी सहाला मी पोचलो तर निहार आधीच आला होता. रात्रभर झोपला नसावा. बाई काठी टेकत पावणेसातला वर आल्या. हात धरायला पुढे झालो, तर काठीने मला बाजूला केलं. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

थंडी होती. गवत वाळलेलं, हवा स्वच्छ, ऊन पाठीमागून. यापेक्षा चांगली सकाळ मागूनही मिळाली नसती. टेकडीवरचे बाकीचे सगळे धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला गेले होते, कारण हत्तीण तिकडून उठणार होती. इकडे आम्ही तिघंच.

निहार कातळावर चढला. कॅमेऱ्याची चकरी फिरवली आणि कॅमेरा खाली वाकवून बाईंना दाखवला.

"साठ. बघून घ्या."

"मी कशाला बघू? तुझा कॅमेरा आहे."

बाई खाली टॉवरच्या अलीकडे उभ्या राहिल्या. आपला कॅमेरा काढून गळ्यात अडकवला. त्यांचाही साठालाच होता. तो गेली कित्येक वर्षं साठालाच असतो.

हत्तीण आठ वाजता उठली. दूर गेली, ठिपका झाली, दिसेनाशी झाली. पाऊण तास गेला. मग बाई म्हणाल्या, "आली." मला काहीच ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने मलाही ऐकू आलं. शेळ्या थांबल्या.

पश्चिमेकडून ती सरळ आमच्याकडे येत होती, खाली, आणखी खाली. मी निहारकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. कॅमेरा डोळ्याला होता. आणि त्याचा अंगठा हलला. चकरी फिरली... खूप फिरली.

मी पाहिलं. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं.

हत्तीण टेकडीच्या अंगावरून गेली. वैमानिकाचं शिरस्त्राण दिसलं मला, इतकी जवळून. निहारचा कॅमेरा सुटलाच होता, टकटकटकटक. बाईंनी कॅमेरा उचलला, वळल्या. टॉवर मध्ये आला. त्यांनी बटण दाबलंच नाही.

मग आवाज पलीकडे उतरला.

...

निहारने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं. बोटाने फोटो मोठा केला. त्याचे खांदे खाली आले. इतका वेळ ते कानांना लागले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मिळाला?" बाईंनी विचारलं.

"मिळाला."

"अक्षरं?"

"वाचता येतायत. एकूण एक."

"कितीला काढलास?"

खोटं बोलता आलं असतं. टेकडीवर कोण तपासणार होतं? मी तर तोंड उघडणार नव्हतो.

"दोन हजारला," निहार म्हणाला. आणि मग त्याचा बांध फुटला. "हो, दोन हजारला! मोडला शब्द! उद्या काउंटरवर तुम्हाला बसायचं नव्हतं, मला बसायचं होतं. घरात तोंड मला दाखवायचंय. तुमचं काय, तुम्हाला पेन्शन आहे! तुमच्या हट्टापायी मी माझं आयुष्य का फिसकटवून घेऊ? काढला दोन हजारला. आणि चांगला आलाय!"

"ओरडतोस कशाला?" बाई म्हणाल्या. "ऐकू येतं मला. आला ना चांगला? बरं झालं. पोट सगळ्यांना आहे."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या की त्या आडनावाने हाक मारतात. निहारला वाटलं होतं आता मार पडणार, आणि कुणी मारतच नाही म्हटल्यावर तो तसाच उभा राहिला.

मी धावपट्टीकडे पाहत होतो. काहीतरी चुकत होतं. हत्तीण खाली गेली होती, पण टेकली नव्हती. मला आठवलं, डोक्यावरून गेली तेव्हा तिची चाकं पोटातच होती.

"बाई," मी म्हणालो, "उतरली नाही ती. वर चाललीय. वळतेय... डावीकडे वळतेय!"

सलामी देऊन गेली होती. आता पूर्ण वळसा घालून उतरायला येणार, पुन्हा याच वाटेने, चाकं काढून, आणि आधीपेक्षा सावकाश. पाच मिनिटं फार तर.

निहारचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्याने चकरी फिरवली, परत साठावर आणली आणि कॅमेरा पुढे केला.

"बाई, बघा! साठ! या वेळी शप्पथ. दिनदर्शिकेचं झालं, आता हा तुमचा. दोन्ही चकत्या काढून देतो. तुमच्या घरी लावायला देतो!"

मला भरून आलं. पोरगं मनापासून बोलत होतं. मधूकाकांच्या फोटोशेजारचा तो खिळा माझ्या डोळ्यांसमोर आला.

"खाली ये," बाई म्हणाल्या.

"अहो, पण या वेळी खरंच साठाला..."

"काढशील रे. आता का नाही काढणार? आता तुझं काय जातंय?"

...

तो उतरला. एका पायाने आधी, मग दुसऱ्या. उतरताना त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

बाईंनी काठी माझ्या हातात दिली. कातळ मांडीइतका उंच आहे. त्यांनी दोन्ही तळवे टेकले, गुडघा वर घेतला, घसरला, पुन्हा घेतला. मी हात पुढे केला. "हात काढ, रणपिसे." काढला. तिसऱ्यांदा चढल्या. उभ्या राहिल्या. साडीचा पदर कमरेला खोचला. पाय फाकवून कमरेतून एकदा डावीकडे वळल्या, एकदा उजवीकडे. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण ते वळणं बघावं. तिथे कंप नव्हता.

मग त्यांनी कॅमेरा उचलला.

हात थरथरायला लागले. लेन्सचं तोंड वर जात होतं, खाली येत होतं. लेन्सवरची टोपी काढायला त्यांना तीन वेळा बोटं लावावी लागली. टोपी सुटून खाली गवतात पडली.

पश्चिमेकडे ठिपका दिसायला लागला होता.

निहारने टोपी उचलली. तो कातळाशी आला. आता त्याच्या आवाजात मघाचा माज नव्हता, पण रग होती, आणि खरं सांगायचं तर माया होती.

"बाई, ऐका माझं. साठाला तुम्हाला काही मिळणार नाही. हात बघा तुमचे. पाचशेला ठेवा. निदान अडीचशेला! पंखे थोडे तरी फिरलेले दिसतील, विमान तरी ओळखू येईल."

बाईंनी डोळा कॅमेऱ्याला लावला.

"रणपिसेकाका, तुम्ही तरी सांगा ना! ही शेवटची आहे. याच्यानंतर नाही."

मी काठी धरून उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

आवाज वाढला. चाकं दिसली. मग दोन्ही पंखे दिसले, उन्हात चमकत.

निहारने हात जोडले. खरोखर जोडले. "बाई, एकतीस वर्षं झाली. एक तरी घरी न्या. हात थांबत नाहीयेत हो तुमचे!"

बाई वळायला लागल्या होत्या.

"नाही थांबत तर नको थांबू देत," त्या म्हणाल्या. "ती तरी कुठे थांबलीय?"